चरीत माणूस उतरवण्याआधी: पेटी कंत्राटदारासाठी

ड्रेनेजच्या आणि पाण्याच्या लाइनी टाकायचं काम मी पुण्यात २६ वर्षं करतोय. आधी धायरी, नऱ्हे, आंबेगाव, आता मांजरी आणि वाघोलीकडे. टेंडर मोठा कंत्राटदार घेतो, त्यातले दोन-तीन किलोमीटर माझ्यासारख्याकडे पेटीवर, म्हणजे पोटकंत्राटावर, येतात. धंद्यात नव्याने आलेली पोरं मला हमखास एक प्रश्न विचारतात. "भाऊ, टेंडर त्यांचं, ड्रॉइंग त्यांचं, बिल त्यांच्या नावाने निघतं. मग चर ढासळली तर आपल्यावर केस कशी काय?"

केस होते. मजुराला 'उतर' कोण म्हणालं, हे पोलीस सगळ्यात आधी विचारतात, आणि पेटीच्या कामात 'उतर' म्हणणारे आपणच असतो. वरच्यांची नावं मागाहून येतात. मी वकील नाही, कोर्टाची पायरी चढून आलेला माणूस आहे. तुमच्या केसचे कागद वकिलालाच दाखवा. पण वकिलाकडे जायची वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, ते चरीच्या काठावर उभं राहूनच कळतं.

माझी चर ऑक्टोबर २०१४ मध्ये ढासळली. नऱ्ह्यात नऊ फूट खोल खोदलं होतं. वर दीड-दोन फूट भराव, मग काळी माती, खाली मुरूम. आदल्या रात्री परतीचा पाऊस झोडपून गेला होता आणि सकाळी तळाला बोटभर पाणी होतं. मुकादम म्हणाला, "शेठ, आज राहू द्या. ऊन पडलं की उद्या उतरू." मला त्या आठवड्यात बिल लावायचं होतं. दोन पाइप जोडले की चेंबर ते चेंबर लाइन पूर्ण होत होती. मी म्हणालो, "अर्ध्या तासाचं काम आहे. उतर."

डाव्या काठापासून हातभर अंतरावर कुणीतरी केबल टाकून बुजवलेली जुनी चर होती. वरून फक्त डांबराचा रंग जरा वेगळा दिसत होता, आणि तो मी पाहिलाही होता. भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी ती अख्खी बाजू सुटली. खालचा मुलगा कमरेपर्यंत गाडला गेला. २४ वर्षांचा, लातूरकडचा, त्याच सकाळी वारज्याच्या मजूर नाक्यावरून आणलेला. वाचला. खुब्याचं हाड मोडलं, आणि कमाईची ताकद ३० टक्के गेली असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

माझी विम्याची पॉलिसी सहा माणसांची होती आणि साइटवर नऊ माणसं होती. नाक्यावरच्या माणसांची नावं संध्याकाळी पैसे देताना लिहायची, अशी माझी पद्धत. विमा कंपनीने हात वर केले. भरपाईचा हिशेब निघाला ३,१४,५९७ रुपये, वर व्याज. तो मी बायकोचे दागिने ठेवून भरला. फौजदारी केस चालली ती वेगळीच.

एका चरीचे तीन हिशेब

चर एकदाच ढासळते, पण तिचे तीन हिशेब वेगवेगळ्या ठिकाणी मांडले जातात. एक मिटला म्हणून दुसरा मिटत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

पहिला हिशेब भरपाईचा. इथे चूक कोणाची हे कुणी विचारतच नाही. माणूस तुमच्या कामावर होता, कामामुळे इजा झाली, एवढं पुरतं. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे या हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, भले तुम्ही बिगाऱ्याला महिन्याला वीस हजार देत असाल. ३० वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५० च्या जागी ६० टक्के. देय झाल्यापासून महिन्याभरात भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळ दिसली तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. माझ्या वेळी पगाराची मर्यादा ८,००० होती, म्हणून माझं तेवढ्यावर निभावलं.

"तो दारू प्यायला होता", "हेल्मेट दिलं होतं, त्याने काढून ठेवलं", "सांगूनही ऐकलं नाही", ही उत्तरं मी स्वतः दिलेली आहेत. किरकोळ इजेच्या केसमध्ये त्यांना थोडा तरी अर्थ असतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर भरपाईच्या कायद्यात त्यांना शून्य किंमत. दहापेक्षा कमी माणसं आहेत म्हणून सुटलो, असंही काही जण समजतात. बांधकाम कामगारांच्या सुरक्षेचा कायदा दहा माणसांपासून लागतो हे खरं. पण ती मोजताना फक्त तुमची टोळी मोजत नाहीत, सगळ्या कंत्राटदारांची माणसं धरतात. आणि भरपाईला किंवा फौजदारीला असा आकडाच नाही. एक माणूस असला तरी पुरे.

दुसरा हिशेब पोलिसांचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणाने मृत्यू म्हणजे कलम १०६, पोटकलम १, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये ही कैद दोन वर्षांपर्यंतच होती. गंभीर दुखापत असेल तर कलम १२५, तीन वर्षांपर्यंत. या दोन्हींत जामीन हक्काने मिळतो. भीती वेगळ्याच कलमाची बाळगा. धोका माहीत असताना माणूस उतरवला असं दिसलं, तर पोलीस निष्काळजीपणावर थांबत नाहीत, सदोष मनुष्यवधाचं कलम लावतात, आता ते १०५ आहे. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात मजुरांच्या झोपड्यांवर सोसायटीची भिंत पडली, १५ जीव गेले, शेजारच्या प्लॉटवर बांधकामाचं खोदकाम चालू होतं. तेव्हा गुन्हा सदोष मनुष्यवधाचाच दाखल झाला होता.

तिसरा हिशेब सुरक्षेच्या नियमांचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा आणि १९२३ चा भरपाईचा कायदा त्यांत विलीन झाले. साइटवर अजून सगळे पहिल्याला 'बीओसीडब्ल्यू' आणि दुसऱ्याला 'डब्ल्यूसी'च म्हणतात, मीही तेच म्हणतो. नव्या सुरक्षा संहितेत कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी ५ लाख दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजेला एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. या दंडातली निम्मी किंवा जास्त रक्कम कोर्ट जखमीला किंवा वारसांना द्यायला लावू शकतं. मालकाच्या व्याख्येत कंत्राटदार नावानिशी आहे. तिथे पेटीचा आहे की टेंडरचा, हा फरक कामाला येत नाही.

वर्क ऑर्डर घेताना

तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये एक वाक्य असणारच: 'अपघाताची सर्व जबाबदारी पेटी कंत्राटदाराची राहील.' ते वाचून घाबरूही नका आणि त्याच्या उलट दुसऱ्या कुणावर विसंबूही नका. हे वाक्य तुमच्या आणि मुख्य कंत्राटदाराच्या पैशाच्या भांडणापुरतं आहे. मजुराला त्याच्याशी देणंघेणं नाही. तो थेट वरच्या मालकाकडे भरपाई मागू शकतो, वरचा ती देतो आणि तुमच्या बिलातून कापतो. फौजदारीत तर असला कागद चालतच नाही. गुन्हा कागदाने दुसऱ्याच्या नावावर होत नसतो. आपणही मुकादमाकडून असंच अंगठा घेऊन ठेवतो, 'टोळीची जबाबदारी माझी' म्हणून. त्या कागदाचीही तीच गत.

वर्क ऑर्डरवर सही करण्याआधी एक गोष्ट मात्र जीव तोडून बघा: शोअरिंग, म्हणजे चरीच्या बाजू आवळून धरणाऱ्या फळ्या-टेकू, कुणाच्या पैशाने. बऱ्याच टेंडरांत खोदाईच्या दरातच 'शोअरिंग, टेकू व पाणी उपसण्यासह' असं घुसडलेलं असतं. मुख्य कंत्राटदार तो दर घेतो आणि तुम्हाला पेटीवर निव्वळ खोदाईचा दर देतो. मग फळ्या आणायच्या कुणी, यावर सगळे गप्प. माझ्या मते चरी ढासळण्याचं खरं कारण मातीत कमी आणि या गप्प बसण्यात जास्त असतं. खोली दीड मीटरच्या वर जिथे जाते ते तुकडे एल-सेक्शनवरून, म्हणजे लाइनची खोली दाखवणाऱ्या ड्रॉइंगवरून, काढा, चेंबर नंबर लिहा, शोअरिंगचा वेगळा दर टाका आणि कोटेशनमध्येच द्या. काम गेलं तर गेलं. मी अशी दोन कामं सोडली आहेत. त्यातलं एक ज्याने घेतलं त्याने ते बिनशोअरिंगचं पूर्ण केलं, त्याला काही झालं नाही, आणि तो मला अजून चिडवतो.

काम सुरू झाल्यावर अडचण आली तर तोंडी बोलू नका. त्याच दिवशी ईमेल, आणि व्हॉट्सॲपवर फोटोसह: 'चेंबर १४ ते १५, खोली २.७ मीटर, डाव्या बाजूला जुना भराव, शोअरिंग लागल्याशिवाय माणूस उतरवणार नाही.' यावर एक शहाणा हमखास म्हणतो, "लिहून ठेवलं म्हणजे धोका माहीत होता याचा पुरावा आपणच दिला की!" अर्ध खरं आहे. लिहिलं आणि तरीही उतरवलं, तर तो कागद तुमच्याच गळ्याशी येतो. पण न लिहिल्याने अज्ञान सिद्ध होत नाही. २६ वर्षं लाइनी टाकणारा माणूस 'मला कळलं नाही' म्हणाला तर कोर्टात कुणी ऐकत नाही. लिहायचं आणि थांबायचं, दोन्ही एकाच दिवशी.

मस्टर आणि पॉलिसी

मस्टर, म्हणजे हजेरीची वही, सकाळी भरायची, माणूस चरीजवळ जाण्याआधी. नाव, वय, गाव, आधारची झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो, घरच्या एकाचा फोन नंबर. अठराच्या खालचा पोरगा दिसला तर चहा पाजून परत पाठवा. नाक्यावरून आणलेल्या माणसाचं नाव सगळ्यात आधी लिहा, कारण त्याच्याविषयी तुम्हाला काहीच माहीत नसतं. त्याला कदाचित चर म्हणजे काय हेही माहीत नसतं. काल तो प्लॅस्टरच्या कामावर होता.

पॉलिसी घेताना एजंट 'किती माणसं?' एवढंच विचारतो आणि आपण प्रीमियम वाचवायला कमी सांगतो. माणसं कामाच्या भरात जास्तीत जास्त किती असतील तो आकडा द्या, पगार खरा द्या. 'खोदकाम व पाइपलाइन' असं कामाचं स्वरूप लिहून घ्या. 'सिव्हिल काम' एवढ्यावर भागवू नका. खोलीची मर्यादा टाकलेली आहे का वाचा. तुम्ही पुढे कुणाला तुकडा दिला असेल तर त्याची माणसं धरलीत का विचारा. उशिरा भरण्याचं व्याज आणि दंड बहुतेक पॉलिसीत येत नाही, तो खिशातूनच जातो.

टोळीतल्या प्रत्येकाची बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करून द्या. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो देणारे आपणच असतो आणि नेमका तिथेच आपण कंजूषपणा करतो. तुमची देणी त्याने कमी होत नाहीत, पण घरच्यांना मंडळाकडून वेगळी मदत मिळते.

सकाळी सातला चरीवर

आता मुद्द्याचं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात सुरक्षेची एक जुनी संहिता असते, आणि सरकारी टेंडरांत थोड्याफार फरकाने तीच उतरवलेली दिसते. त्यातले आकडे पाठ करा, कारण अपघातानंतर तपास अधिकारी टेप घेऊन हेच मोजतात. चर १.२ मीटर किंवा जास्त खोल असेल तर दर ३० मीटरला एक शिडी, तळापासून वर काठाच्या ९० सेंटिमीटर बाहेर आलेली. १.५ मीटर किंवा जास्त खोल असेल तर बाजूंना उतार किंवा पायऱ्या द्यायच्या, नाहीतर फळ्या-टेकूंनी आवळायच्या. खोदलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त असेल तेवढी लांब. खोदाई वरून खाली, बाजू आतून पोखरायची नाही.

आपल्याकडे माती काठावरच टाकतात. जेसीबीवाल्याला बूम फिरवायचा कंटाळा, आणि गल्लीत जागा नाही. पण एक घनमीटर माती म्हणजे सोळाशे ते अठराशे किलो, ओली असेल तर आणखी जास्त. काठावर लावलेला तो ढीग म्हणजे चरीच्या भिंतीवर उभी केलेली गाडी समजा. खाली माणूस छातीपर्यंत गाडला गेला तर डोकं मोकळं असूनही जातो, कारण श्वास सोडल्यावर रिकामी झालेली जागा माती घेते आणि पुढचा श्वास आत येत नाही.

पुण्याची माती फसवी आहे. काळी माती उन्हात भेगाळते, पाण्याने फुगते, तिच्यावर कुणी भरवसा ठेवत नाही, म्हणून तिच्यात माणसं तशी जपून असतात. मुरूम मात्र कापला की भिंतीसारखा ताठ उभा राहतो. दोन दिवस राहतो, चार दिवस राहतो. मग एका दुपारी सांध्यातून पाणी झिरपतं आणि सबंध ढेकूळ एकदम येतं, आधी माती झडत नाही, आवाजही होत नाही. सगळ्यात वाईट भराव. चरीच्या बाजूला विटेचा तुकडा, प्लॅस्टिकची पिशवी, बांगडीची काच दिसली की ती मूळ जमीन नाही, कुणीतरी आधी खोदून बुजवलेली जागा आहे. शहरातल्या रस्त्याखाली अशी जागा दर दहा पावलांवर सापडते.

माझी सकाळची रीत सांगतो. आधी काठाने चालायचं, चरीत न बघता काठाकडे बघत. काठाला समांतर गेलेली केसासारखी भेग शोधायची, बहुतेक वेळा ती काठापासून हात-दोन हात मागे असते. माती पसरलेली असेल तर पायाने बाजूला करून बघायची. भेग सापडली तर तिच्यावर आडवी चुन्याची रेघ ओढतो आणि बाजूला खडूने वेळ लिहितो. अर्ध्या तासाने परत येतो. रेघ तुटलेली दिसली, अगदी दोरा जाईल एवढी, तर त्या दिवशी त्या तुकड्यात कुणी उतरत नाही आणि काठाची माती काढून मी भार हलका करतो. रेघ शाबूत असली तरी शोअरिंगशिवाय उतरवत नाही, कारण रेघ मला काय झालं ते सांगते, काय होणार ते सांगत नाही. मग तळाकडे बघायचं. पाणी आहे का, कुठल्या बाजूने येतंय, कालच्यापेक्षा बाजू पोटातून फुगलीय का. मागून पीएमपीची बस गेली की काठावर उभं राहून तळव्यांना काय जाणवतं तेही बघायचं. हसू नका.

शोअरिंग लावताना वरून खाली जायचं. माणूस नेहमी लावलेल्या टेकूच्या आडोशालाच हवा. काढताना उलट, खालून वर, आणि जसं काढाल तसं बुजवत. कित्येक चरी लाइन टाकून झाल्यावर, फळ्या काढताना ढासळतात, कारण तोवर सगळ्यांच्या डोक्यात काम संपलेलं असतं. रुंद जागा असेल तर उतार देणं स्वस्त पडतं. पेठांसारख्या गल्लीत उताराला जागाच नसते, तिथे लोखंडी प्लेटा आणि जॅक भाड्याने आणा.

रस्ता खोदण्याआधी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आहे, मार्च २०२३ पासून. त्यावर नोंद करा, पण नकाशावर विश्वास ठेवून जेसीबी घालू नका. आधी हाताने खड्डा घेऊन गॅसची लाइन, महावितरणची केबल डोळ्यांनी बघा. रात्री बॅरिकेड आणि लाल दिवा. चरीत पडलेला दुचाकीवाला तुमचा मजूर नसला तरी कलम १२५ त्याच्यासाठीही आहे.

आणि चालू ड्रेनेजला जोडणी द्यायची असेल तर जुन्या चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका, 'दोन मिनिटांत प्लग मारून येतो' म्हणणाऱ्यालाही नाही. तो खेळ हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या वेगळ्या कायद्याचा आहे. गटारात मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगून ठेवलं आहे.

'वर या' म्हणायचा अधिकार लेखी द्या. माझ्या टोळीत तो मुकादमाला आहे आणि काठावर नजर ठेवायला उभ्या केलेल्या माणसाला आहे. हा काठावरचा माणूस दुसरं काही करत नाही, पाइप पुढे सरकवत नाही, तंबाखू मळत फोनवर बोलत नाही. त्याने आवाज दिला की चर रिकामी, मग मी असो नाहीतर साहेब असो. त्या दिवसाची हजेरी कापायची नाही, हे सगळ्यांसमोर सांगा. हजेरी कापली जाईल असं वाटलं तर कुणी आवाज देत नाही. सकाळच्या सूचना मराठीत द्या, बिहारची टोळी असेल तर हिंदीत, यादगीरकडची असेल तर त्यांच्यातल्याच एकाकडून कन्नडमध्ये. रजिस्टरवरच्या अंगठ्याला तेव्हाच काही वजन येतं.

ढासळलीच तर

दापोडीत १ डिसेंबर २०१९ ला ड्रेनेजच्या चरीत मजूर अडकला. त्याला काढायला उतरलेल्या अग्निशमन दलाच्या जवानाचाही मातीखाली जीव गेला. शिकलेला, तयारीचा माणूस होता. म्हणून पहिलं काम म्हणजे टोळीतल्या दुसऱ्याला उडी मारू न देणं. ज्याचा भाऊ अडकला असेल त्याला धरून ठेवा, शब्दशः धरून ठेवा. १०१ आणि ११२ ला फोन, १०८ ला रुग्णवाहिका. जेसीबी बंद करून जागच्या जागी ठेवायचा. बकेटने माणूस शोधायचा नाही, बकेटनेच तो जाईल. रस्त्यावरची वाहतूक अडवा, थरथर थांबली पाहिजे. काठावरची गर्दी मागे हटवा. मस्टर हातात घेऊन नावं पुकारा, म्हणजे खाली किती आहेत हे नक्की कळेल. जवान आले की जमिनीत काय आहे, पाइप कुठे आहे, पाणी कुठून येतंय हे एकाच माणसाने सांगायचं.

माणूस दवाखान्यात गेल्यावर वरून फोन येतात. "चर बुजवून टाका, रस्ता मोकळा करा." बुजवू नका. पंचनामा होईपर्यंत काठ, माती, फळ्या, शिडी जशी होती तशी ठेवा, फोटो काढा. कुणी म्हणेल, मस्टरवर नाव घाल, कुणी म्हणेल, काढून टाक, कुणी म्हणेल, शोअरिंगच्या चार फळ्या आत टाकून ठेव. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे, न्याय संहितेत कलम २३८. निष्काळजीपणा अनवधानाने झाला असं म्हणता तरी येतं, हे तसं म्हणता येत नाही. मला २०१४ ला असा सल्ला देणारे तिघे होते. तिघांपैकी एकही कोर्टात आला नाही.

कामावर ४८ तास किंवा जास्त येऊ न शकणारा जखमी असेल, किंवा मृत्यू असेल, तर कामगार खात्याला अपघाताची लेखी खबर द्यावी लागते. मृत्यूच्या बाबतीत काही तासांतच, त्याच दिवशी. पोलिसांना सांगितलं म्हणजे झालं असं समजू नका. मुख्य कंत्राटदाराला आणि विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. विमा कंपन्या 'उशिरा कळवलं' हे कारण आनंदाने वापरतात.

आणि स्टँप पेपरवर तडजोड करू नका. गावाकडून भावकी येते, कुणीतरी मध्यस्थ बसतो, तीन लाखांवर तुटतं, सह्या होतात. मृत्यूची भरपाई थेट वारसांच्या हातात दिली तर ती दिली असं कायदा धरत नाही. ती नुकसानभरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, तेच वारसांत वाटतात. अंत्यविधीला, घरखर्चाला पैसे जरूर द्या, ते माणुसकीचं काम आहे, आणि तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम पुढे वळतीही होते. बाकीचे दिलेले पैसे गेले. तोच मध्यस्थ पुढच्या वर्षी त्याच घरच्यांना वकील गाठून देतो, आणि घरच्यांचं त्यात काही चुकत नाही.

भरपाईचा दावा करायला दोन वर्षांची मुदत असते, उशीर माफही होतो, आणि फौजदारी केस त्याहून कितीतरी जास्त चालते. त्यामुळे मस्टर, पॉलिसी, ईमेलच्या प्रिंट, सकाळच्या सूचनांचं रजिस्टर काम संपलं म्हणून रद्दीत घालू नका. माझ्याकडे लोखंडी कपाटाचा एक खण त्यासाठीच आहे. २०१४ ची वहीसुद्धा त्यात आहे. त्या दिवशीच्या पानावर सहा नावं आहेत.